इस्त्री, फ्रिज आणि माझा डावा डोळा

आदरणीय अध्यक्ष महाशय, आपल्या गावच्या महापौर इव्हेलिसेताई, व्यासपीठावरची सन्माननीय पाहुणेमंडळी, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर एलादिओ मोन्सेराते, आणि पंख्याखालची जागा पकडून बसलेल्या माझ्या शेजारणींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी नेरेइदा. इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री करते. डॉक्टरसाहेबांचा हा कडक पांढरा कोट माझ्याच हातचा. समितीनं सांगितलं, जुन्या पेशंट आहात, चार शब्द गोड बोला. बोलते. साखर किती घालायची ते मात्र कुणी सांगितलं नाही.

साहेबांनी माझं आतडं वाचवलं, हे आधी कबूल करते. क्रोनचा आजार. रक्त पडायचं, अन्न अंगी लागत नव्हतं. त्यांच्या औषधानं सगळं थांबलं. हो, हो, वाजवा टाळ्या. आत्ताच वाजवून घ्या.

पोट शांत झालं आणि घोटे सुजले. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या. मग डावा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. सासूबाई म्हणाल्या, "तरी सांगत होते, गरम इस्त्री ठेवून लगेच फ्रिज उघडू नकोस! शिरला ना गारठा अंगात!" आपल्या बेटावर कोणत्या घरात हे ऐकवत नाहीत? माझ्या नवऱ्यानं, विल्फ्रेदोनं, तर फ्रिजला दोरी बांधली. सासूबाईंवर माझा राग नाही. त्यांनी जन्मभर कोंबड्या सांभाळल्या, दवाखाना नाही.

पण डॉक्टरसाहेब, तुम्ही? डोळ्यावर फडकं धरून मी तुमच्या खोलीत आले. शिकाऊ डॉक्टर भोवती उभे होते. मी विचारलं, "साहेब, हे पोटाच्याच दुखण्यातलं तर नाही ना?" तुम्ही हसलात. "नेरेइदाबाई, पोट अगदी झकास आहे. खरं सांगा, इस्त्री झाल्यावर फ्रिज उघडलात ना?" सगळी खोली खिदळली. मीसुद्धा हसले, बरं का! पुन्हा आले, पुन्हा तोच विनोद.

शेवटी राजधानीला, सान हुआनला गेले. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हा आतड्याचाच आजार! शरीराची राखण करणारी फौज आपल्याच माणसांवर उलटते. पोट शांत असलं तरी सांधे धरते, कातडी धरते, डोळा धरते. वेळेवर आला असतात तर डोळा वाचला असता. तुमच्या डॉक्टरांनी पाठवलं नाही?" काय सांगणार? त्यांनी मला फ्रिजकडे पाठवलं म्हणून?

मी इस्पितळाकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, "मी असं बोललोच नाही." त्या शिकाऊंनाही काही आठवेना. तळपायाची आग मस्तकात गेली हो! त्या दिवशीच मनाशी म्हटलं, थांबा, माझीही पाळी येईल.

आता साहेब सोमवारपासून वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणार म्हणे. म्हणून आज गप्प बसायचं नाही. मागच्या रांगेत बसलेल्या, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरापोरींनो, नीट ऐका. आतड्याचा पेशंट डोळा लाल करून आला तर दात काढू नका. त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडा.

धुलाईघरातर्फे साहेबांना एक भेट आहे. नवी कोरी इस्त्री! साहेब, यापुढे कोट स्वतःच इस्त्री करा आणि लगेच खुशाल फ्रिज उघडा. डोळा गेला तर कळवा, मी इथेच, सगळ्यांदेखत तुमची माफी मागेन. नाही गेला, तर तुम्ही माझी मागा.

अध्यक्षांचे आभार, ज्यांनी माझ्या हातातला माईक अजून काढून घेतला नाही. तुरीच्या दाण्यांचा भात रांधणाऱ्या मुलींचेही आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि एक राहिलंच. साहेबांची खुर्ची माझ्या डाव्या हाताला मीच मांडायला लावली. त्यांनी हात मिळवायला पुढे केला असेल, तर मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. त्या बाजूचं मला दिसत नाही.