सांडूतात्यांचा मुका ग्रुप

शहरातून करमाडला निघालेल्या एसटीत द्वारकाबाईंच्या पुढच्याच सीटवर सांडूतात्या बसले होते. तात्यांचा आवाज असा, की ते कुजबुजले तरी ड्रायव्हर मागं वळून बघतो. शेजारी त्यांची नात निशा होती.

“आज वाचनालयाच्या कामाचा राजीनामा देतो बघ.”

“का हो तात्या?”

“पोरं फिरकत नायत. मोबाईलवर ग्रुप काढला, गावातली तीस पोरं घेतली. रोज लिहितो, पुढं या, मत मांडा, वाचनालय तुमचंच हाय. दोन महिने झाले, एकानं हूं की चूं केलं नाय.”

“बघू तुमचा मोबाईल.”

“बघ की. समदे मुके निघाले.”

“तात्या, यात फक्त तुम्हीच लिहू शकता, असं करून ठेवलंय तुम्ही.”

“व्हय. शिस्त नको का?”

“मग ती बोलणार कशी?”

द्वारकाबाईंना शेंद्र्याला उतरायचं होतं. शेंद्रा मागं गेलं, पण ऐकण्याच्या नादात बाई हलल्या नाहीत.

“सगळ्यांसाठी उघडू का?”

“उघड. पण कुणी वाकडं लिहिलं तर?”

“तर निदान तो आला तरी म्हणायचं.”

निशानं ग्रुप सगळ्यांसाठी उघडला आणि मोबाईल असा टणटणायला लागला, की कंडक्टरची घंटी समजून ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवली.

“काय म्हणतेत गं?”

“प्रणय लिहितोय, ‘तात्या, आम्ही कॉलेजातून रोज सहाला येतो. तुम्ही पाचलाच कुलूप लावता.’”

तात्यांनी खिशातून वाचनालयाची चावी काढली.

“लिही. उद्यापासून चावी प्रणयकडं. आन् त्याला विचार, मी कितीला येऊ?”