मनोहरशी न बोललेली तीन वर्षं

मंडळी, आलात, बरं वाटलं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांच्याबद्दल तुम्हीच बोला." मनोहरबद्दल बोलायचा मला काय हक्क? तीन वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. एक शब्द नाही, मंडळी.

आम्ही दोघं या हिंदी मुलखात रेल्वेच्या वर्कशॉपात एकत्र लागलो, एकत्र रिटायर झालो. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसायचो. काय बोलायचो? काही नाही. भाजी महाग झाली, गुडघा दुखतो. पण मराठीत बोलायचो. माझी बायको गेल्यावर माझ्या घरात मराठी बोलणारं कोण उरलं? मुलाला समजतं, उत्तर हिंदीत येतं. नातीला "ये गं" म्हटलं की ती नुसती हसते. मला मनोहर होता.

मग ती निवडणूक आली. गणपतीच्या आरतीला आमच्या उमेदवाराला बोलवायचं मी ठरवलं. आमचा म्हणे! मनोहर म्हणाला, "अरे, आरतीत पक्ष नको आणूस." मी म्हणालो, "म्हणजे तू त्यांचा." तो म्हणाला, "मी कुणाचा नाही रे. मी तुझ्या शेजारी उभा राहणारा." पालथ्या घड्यावर पाणी! मी मंडळाच्या सभेत मतं घ्यायला लावली. अकरा विरुद्ध नऊ. मी जिंकलो. पुढच्या वर्षी इथल्या या एवढ्याशा मराठी समाजाचे दोन गणपती बसले.

आमच्याकडे झेंडे होते, माईक होता, सरबत होतं. पण अख्खी मंत्रपुष्पांजली पाठ होती ती एकट्या मनोहरला. आम्ही ती मोबाईलवर लावली. मध्येच जाहिरात लागली. ओंजळीत फुलं घेऊन आम्ही सगळे जाहिरात संपायची वाट बघत उभे! आणि ज्या उमेदवारासाठी एवढा आटापिटा केला, त्याचा माणूस मला काय म्हणाला? "दादाजी, ज़रा साइड में हो जाइए, फोटो आ रहा है." झालो साइडला. तेव्हाच मनोहरकडे जायला हवं होतं. ताठा. दुसरं काय?

आजसुद्धा बघा कसे बसलात. आमचे इकडे, त्यांचे तिकडे. मधे एकट्या वहिनी.

गेल्या सोमवारची गोष्ट. सदर बाज़ारात औषधाच्या दुकानावर आम्ही समोरासमोर आलो. तो वाळला होता. हातात औषधांची चिठ्ठी होती. दुकानदारानं विचारलं, "आप दोनों साथ में हैं?"

मी म्हणालो, "नहीं."

मनोहर बाजूला सरकला. नंबर त्याचा होता. दुकानदाराला म्हणाला, "पहले इनका दे दीजिए, भैया. इनको शुगर है, देर तक खड़े नहीं रह पाते."

मी औषध घेतलं आणि ऑटोत बसलो. वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी येऊन गोळ्यांची पिशवी हातात धरून किती तरी वेळ बसून राहिलो. म्हटलं, उद्या जाऊ. मग म्हटलं, रविवारी जाऊ. शनिवारी त्याच्या मुलाचा फोन आला.

आता संध्याकाळी मी कुठे जाऊ? सांगा ना. तुमच्यापैकी कुणी सांगेल? पक्षाच्या ऑफिसात जाऊ?

मंडळी, आता दोन मिनिटं मौन पाळायचं. तुम्ही उभे राहा, शांत राहा. मला मात्र माफ करा, माझ्याच्यानं ते आता होणार नाही. मौन मी भरपूर पाळलंय. तुम्ही गप्प असाल तेवढा वेळ मी त्याच्याशी बोलणार आहे. मोठ्यानं. ऐकू आलं तर येऊ द्या.

मनोहर, अरे, मी आलोय. चुकलो रे. बस ना जरा.