शंभर लाथा

नागुबाई : तुमचा साहेब भित्रा हाय, जिनदत्त अण्णा. कॅम्पात जाऊन सांगा त्याला. मोचीगल्लीची नागुबाई म्हनली म्हनून सांगा.

जिनदत्त : जीभ आवर. मी साहेबांचा कारकून आहे, तुझा निरोप्या नव्हे. ह्या कागदावर अंगठा दे. गल्लीतल्या बायका उद्याची फुटबॉलची मॅच खेळणार नाहीत, यापुढं कॅम्पातल्या मैदानावर पाय ठेवणार नाहीत. एवढंच लिहिलंय.

राजाबाई : माझ्या सुनेचा अंगठा कशाला? लाथा पायानं मारल्यात. पायाचा घ्या.

जिनदत्त : म्हातारे, चेष्टा नको. विलायतेत ठराव झालाय. फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या सगळ्यात मोठ्या मंडळींचा. हा खेळ बायकांना शोभत नाही, त्यांच्या शरीराला झेपत नाही.

नागुबाई : कुनाच्या शरीराला? पलटणीचे बॉल फाटले की येतात कुठं? हितं, आमच्या दारात. शिवून तसाच दिला आणि मैदानात उसवला, तर शिव्या कोन खातं? म्हनून बॉल शिवला की शंभर लाथा मारायच्या, शिवण धरती का बघायचं, मगच द्यायचा. सासऱ्यापासनं चालत आलंय. लढाईत पलटणीचे बूट शिवायला गल्लीतले सात गडी बसऱ्याला नेले. दोन परत आले. माझा न्हाय आला. तवापासनं शिवतोय बी आम्ही बायाच, आन् लाथा बी आमच्याच. तवा झेपलं. आता झेपंना व्हय?

जिनदत्त : मग मार की घरामागं. कोण अडवतंय? मैदानात, मडमांच्या समोर कशाला?

नागुबाई : आम्ही न्हाय गेलो. मार्था मड्डम आली बोलवायला, सार्जंटाची बायको. लढाईत ती तोफेचे गोळे करायच्या कारखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत तितल्या पोरी बॉल खेळायच्या. फ्रान्सच्या बाया बोटीत बसून आल्या आन् विलायतेच्या बायांशी खेळून गेल्या, म्हनली. एकदा तर पन्नास हजार मानूस आलतं बघायला. जमलेला पैसा लढाईत हातपाय गेलेल्यांना दिला.

राजाबाई : पन्नास हजार! अख्खं बेळगाव उठवलं आन् वर काकती धरली, तरी भरायचं न्हाय.

जिनदत्त : तेच बंद केलंय. तिकडच्या मडमांनासुद्धा आता मैदान मिळत नाही. मग तुम्ही कोण लागून गेलात?

नागुबाई : मार्था मडमेला सांगितलं?

जिनदत्त : तिच्या नवऱ्याला सांगितलं.

राजाबाई : म्हंजे तिचा अंगठा बी त्यानंच दिला.

जिनदत्त : नागू, शेवटचं सांगतो. अंगठा दिला नाहीस, तर पलटणीचं काम खडेबाजारातल्या माणसाला जाईल.

नागुबाई : जाऊ दे की. ते बघा, चार बॉल पडलेत. उचला आन् न्या.

जिनदत्त : मी चामड्याला हात लावत नाही. ठाऊक आहे तुला.

राजाबाई : मग पायात काय हाय, केळीचं पान?

(जिनदत्त दोन पावलं मागं सरतो.)

नागुबाई : खरं बोला, अण्णा. ठराव-बिराव काय न्हाय. ह्यो कागद तुमच्या साहेबानंच रचलाय.

जिनदत्त : रचलेला कागद? माझ्या दप्तरात? हा बघ मूळ कागद, विलायतेहून आलेला. हा आवकेचा शिक्का, अकरा जानेवारी. मी माझ्या हातानं मारलाय.

नागुबाई : अकरा जानेवारी. म्हंजे संक्रांतीच्या आदी.

जिनदत्त : हो.

नागुबाई : संक्रांतीनंतर पाच बुधवार आम्ही मडमांशी खेळलो. पाची बुधवार हरलो. साहेब खुर्ची टाकून बसायचा, हसायचा, टाळ्या वाजवायचा. लिमलेटच्या गोळ्या बी वाटल्या त्यानं.

जिनदत्त : तो नुसता सराव होता.

नागुबाई : परवाच्या बुधवारी बी सरावच होता. आम्ही तीन गोल घातले. त्यांचा एक न्हाय. आन् कागद दप्तरातनं बाहेर कवा आला?

जिनदत्त : ...काल. साहेबांनी मागितला, मी काढून दिला. उद्या अख्खी पलटण बघायला बसणार, मोठमोठे लोक येणार. देशात हे असहकाराचं पेटलेलं. त्यात ह्या गल्लीतल्या बायकांनी गोऱ्या बायकांना...

राजाबाई : बोल की. गोऱ्या बायकांना काय?

जिनदत्त : मी कारकून आहे हो, आजी. मला काय विचारता?

नागुबाई : तुम्हाला न्हायच विचारत. साहेबाला विचारा. आम्ही हरत होतो तवर आमच्या अंगाला खेळ झेपत होता. तीन गोल घातल्यावर एका रातीत अंगाला काय झालं? त्याच्या सहीनं लिहून आना. मी हितंच हाय.