गुळाच्या पारड्यातलं वजन

...म्हणजे वजन तेवढंच असून ते माझं नाहीच, हे काय डॉक्टरचं बोलणं झालं का? तुम्हीच सांगा! अहो, लग्नाच्या आधी आमच्या आबांनी मला जवारीच्या काट्यावर बसवून तोललं होतं, न् औंदा एकसष्टीला पोरांनी गुळतुला केली... वजन तेवढंच! छाती फुगवून हैदराबादेतल्या आमच्या सगळ्या बरकतपुऱ्यात गूळ वाटला. म्हणलं, हा हिम्मतराव तसाच्या तसा!

झालं, पुढच्याच महिन्यात आमची गंगू न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन उठली, पण डॉक्टर म्हणाले, रोज उन्हात बसवा. ऊन कुठं? वर गच्चीवर! म्हणलं, त्यात काय, लग्न झाल्यावर खंडोबाच्या पायऱ्या हिला उचलूनच चढलो होतो की! उचललं... न् तिसऱ्या पायरीवर गुडघेच बसले माझे. गंगू म्हणती, 'अहो, ठेवा खाली, लोक बघायलेत.' रडूच आलं मला, खरं सांगतो.

आमचा ओमकार कुकटपल्लीत औषधाच्या कंपनीत. 'बाबा, टेन्शन नक्को! आता बाजार खुला झाला, ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन फॉरेनहून मागवू. वयानं ते अंगात कमी होतं, भरलं की जवान!' म्हणलं, आण की, दोन आण!

सुईचं विचारायला गेलो, तर डॉक्टर हसायले. 'चाचा, वजन वहीच है, पर माल बदल गया! स्नायू गेले, त्या जागी चरबी आली, हाडं भी पतली झाली.' म्हणलं, मग द्या की सुई! 'सुईनं चरबी झडंल, मांस भरंल, पर ताकद वाढंलच असं नाही. सांधे दुखतेत, शुगर चढती. हाडाचा भी भरवसा नाही. नक्को.' म्हणजे बघा, सुई घेऊन मी दिसायला पहिलवान, न् बायको तिसऱ्याच पायरीवर! वजन मात्र तेवढंच! डॉक्टर म्हणाले, 'त्यापरीस दोघं भी जिना चढा, आस्ते आस्ते. भार पडला की हाड टिकतं.'

चढतोय आता. रोज सकाळी हात पुढं करतो, धर गं म्हणतो. धरती बिचारी. पण तुम्हाला सांगतो, ती धरती ते मी पडू नये म्हणून! मला कळत नाही होय? जीव तुटतो हो तिच्यासाठी, पण दम लागतो, काय करता... आज तर मधल्या वळणावर बसलोच मी. ही कठडा धरून हळूहळू गेली वर, उन्हात पाय पसरले, न् वरून हाक, 'अहो, येता, का येऊ उचलायला?'

'ये' म्हणलं!