डाळीचं गाठोडं

अवो नाही मावशी, लेकरू नाही ते, डाळ आहे — तुरीची. पाहा ना, हात लावून पाहा. अन् मी कोणाले घेऊन नाही आली, पेशंट मीच. दचकल्या ना? लकवा म्हाताऱ्यायलेच होते, असं मलेही वाटे — बी.एस्सी. होऊन! बाळंतपण झालं, अन् एक दिवस हातातला चहाचा कप सुटला, पाहते तं उजवा पाय माझा राहिलाच नाही. आता चालते. आधी त्या लोखंडी दांड्या धरून, मग न धरता, मग फोमच्या गादीवर एका पायावर — बगळ्यावानी! हसा, मीबी हसते. अलीझा, माझी पोरगी, तीबी आताच भिंत धरून चालाले लागली. दोघी एकाच वर्गात — तीच हुशार.

हे डाळीचं इथल्या व्यायामाच्या मॅडमनंच काढलं. पोरीच्या वजनाचं गाठोडं कडेवर घ्यायचं अन् फिरायचं — वळायचं, पायरी चढायची. मी त्याच्याशी बोलतेबी, "रडू नको बेटा" म्हणते. डाळीले! जमते का? जमते ना, कधीचंच जमते — पण मॅडमले सांगते, चक्कर येते, अजून नाही... हे तुमाले काहून सांगून राहिली मी? तुमच्या मालकाले इथं आणलं तुमी, तुमाले तुमचंच काय कमी आहे. पण मावशी, डाळ सांडली तं झाडून भरता येते. घरी सगळे म्हणतात, नगमा तू बस, तू आराम कर — अन् मी बसते. पोरगी रडली की फुपूकडे धावते, माझ्या नणंदेकडे. बरंच आहे म्हणते मी. बरं कुठचं! रात्री डाळ उशाशी घेऊन झोपते, आता बोला.

मॅडमले कळलंच असन. आज फर्मावलं, पोरगीच घेऊन या. अचलपूरहून आलो आमी सकाळच्या एसटीनं, सासू खाली तिले केळं घेऊन देऊन राहिली — ते पाहा, आल्याच जिन्यानं. माझ्याकडे पाहून राहिली का पोरगी? नाही, गाठोड्याकडे. काहून असं पाहते... अगं बाई, चिडली! माझ्या कडेवर दुसरं कोणी आहे म्हणून चिडली!

हो मॅडम, आली. मावशी, हे धरा. नाही, मले नका धरू — डाळ धरा. अन् आता बोलू नका माझ्याशी.