जिल वेशीबाहेर जात नाही

आल्सीद: हात वर धर, रेमी. डाव्या खांद्यात पेंढा जात नाहीये. आत आधीच काहीतरी कोंबलंय.

रेमी: राहू द्या ना, बाबा. मला न्यायला ढोल येईल एवढ्यात.

आल्सीद: येऊ दे. कार्निव्हलच्या मंगळवारी नाचणाऱ्या जिलच्या सोंगाचा खांदा बसका दिसला तर अख्खं बँश गाव हसेल. गुडघे गेले म्हणून पोशाख तुला दिला, पेंढा भरायचं नाही सोडलं मी. हे काय? वर्तमानपत्र? ही लिपी कुठली?

रेमी: अरबी.

आल्सीद: माझ्या बापाच्या पोशाखात?

रेमी: नोव्हेंबरात मी गेलो होतो ना...

आल्सीद: इथल्या इथे लीजला गेलो होतो म्हणालास.

रेमी: दुबईला गेलो होतो. तिथल्या एका हॉटेलात जगभरच्या कार्निव्हलांचा सोहळा होता. विमानात पेंढा कुठे नेणार? मग तिथे कागद भरले.

आल्सीद: जिल बँशची वेस ओलांडत नाही. चार वर्षांचा होतास तेव्हापासून घोकून घेतलंय तुझ्याकडून.

रेमी: काळ बदलला, बाबा. आजोबांच्या वेळी गल्लीतली माणसं बघायला असायची. आता बस भरभरून येतात, नाकासमोर फोन धरतात. तुम्हीही हसून फोटो देताच की.

आल्सीद: ते आपल्या दारी येतात. आपण त्यांच्या दारी नाचायला जात नाही. जिल गर्दीत संत्री फेकतो, ती फेकलीस तिथे?

रेमी: फोमची. झुंबरं फुटतील म्हणाले.

आल्सीद: आणि लोकांनी झेलली?

रेमी: काहींनी परत फेकली. त्यांना काय ठाऊक, आपल्यात तो अपमान असतो! खेळ वाटला त्यांना.

आल्सीद: परत आलेल्या एका संत्र्यापायी माझ्या बापाने सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. तू काय केलंस?

रेमी: हसलो.

आल्सीद: शाबास! आता ओमेरला काय तोंड दाखवू मी? शाळेपासूनचा सोबती माझा, आपला ढोलवाला. नियमांच्या बाबतीत माझ्याहून कडक. त्याला कळलं तर ढोल फोडून टाकेल.

रेमी: त्यांना नका काही बोलू.

आल्सीद: काळीज जळतंय रे. विचारलं असतंस, भांडला असतास, तेही चाललं असतं. पण खोटं?

रेमी: चुकलं. पण सगळेच नियम नाही मोडले, बाबा. ढोलाशिवाय जिल एक पाऊल टाकत नाही, तेवढं पाळलं मी.

आल्सीद: रेकॉर्ड लावली असशील.

रेमी: छे! खरा ढोल होता.

आल्सीद: आपला ताल तिथे कुणाला येतो? ढोल कुणी वाजवला, रेमी?

(ढोल दारात येऊन थांबतो.)

ओमेर: काय रे म्हाताऱ्या, झालं का पोरगं तयार? पंचवीस वर्षं पहिला ठोका तुझ्याच दारात वाजवतोय, आज उशीर नको. असा काय बघतोस?

आल्सीद: दुबईत उकडत होतं का रे, ओमेर?

ओमेर: आल्सीद, अरे, मी सांगणारच होतो...

आल्सीद: उजवा खांदा राहिलाय त्याचा. तूच भर. कागद भरून तुझा हात बसलाय आता.