कोपऱ्यातलं बोट

फोटोच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे एक बहीण आणि तिचा थोरला भाऊ होता.

“बाबांचा फोटो मोठा करायचाय. भिंतीवर लावायला.”

“द्या की, ताई.”

“तोच तर नाहीये. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात.”

“ओळखपत्रावरचा?”

“तो बघून आई म्हणाली, हे कोण गृहस्थ?”

“म्हणजे एकाही फोटोत नाहीत?”

“होते ना. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं बोट यायचं. या दादानं मागच्या महिन्यात सगळी पुसून टाकली.”

“अगं, व्हिडिओ बघून शिकलो. ‘फोटोतलं नको ते दोन मिनिटांत घालवा’ असं नाव होतं त्याचं. बाबांना खूश करायला केलं.”

“आणि आठवड्यात ते गेले.”

“मूळ फोटो असतील की, साहेब?”

“त्यांच्यावरच सेव्ह केलं. तीनशे बारा.”

“हा एक माझ्या फोनमध्ये वाचला.”

“ताई, यात तर आम्हाला बोटच दिसतंय. मागचं सगळं धूसर.”

“तेच मोठं करा.”

“बरं. साहेब, नखाला चीर पडलीय. पुसू का? त्याचे पैसे नाही घेत.”

“नको हो. लहानपणी ते बोट दारात मीच चिरडलं होतं. ओरडलेसुद्धा नव्हते.”